सीलबंद डफडे

मे १९४२, तिसरा शनिवार, दुपारी तीन वाजता. स्थळ: गोंदियातील एका शाळेची मोठी खोली. हजर: अध्यक्षस्थानी जिल्ह्याचे साहेब, फौजदार, रेल्वेचे एक अधिकारी, दवाखान्याचे डॉक्टर, तांदळाचे एक व्यापारी, एक मालगुजार आणि चिटणीस म्हणून मी. एकूण सात. गैरहजर: कोणी नाही.

ही शेवटची ओळ माझ्या हातची आहे आणि ती चूक होती. एवढे मोकळेपणी कबूल करायला मला पाच वर्षे लागली, आज ते लिहायला बसलो आहे.

त्या वर्षी रंगून पडले होते आणि पूर्व किनाऱ्यावर बाँब पडल्याची बातमी आली होती. आमच्या जंक्शनवरून दिवसरात्र लष्कराच्या गाड्या जात. कलकत्त्याकडून येणारे लोक फलाटावर ट्रंका टाकून बसलेले असत. मोठ्या स्टेशनांजवळ संरक्षणाची कमिटी नेमा, असा वरून हुकूम आला आणि आमच्याकडेही ती नेमली गेली. मी त्या शाळेचा हेडमास्तर. माझे अक्षर चांगले आणि याद्या करण्याची सवय गावाला माहीत, म्हणून चिटणीसपद माझ्याकडे आले.

सवय अशी. रोज सकाळी चहाच्या आधी दिवसाच्या कामांची यादी करायची. काम झाले की तांबड्या पेन्सिलीने रेघ मारायची. महिना संपला की जे राहिले ते नव्या महिन्याच्या कागदावर उतरवायचे. माझी पत्नी म्हणे, "मी मेले तर आधी यादीत लिहाल, मग रेघ माराल, आणि मग रडाल." मी म्हणे, "क्रम बरोबर आहे."

सभा वेळेवर संपवणे हाही माझा एक अभिमान होता. त्या शनिवारी सात विषय होते: दिव्यांवर झाकणे, वाळूच्या बादल्या, खंदक, औषधांचा साठा, आवाज, स्वयंसेवक, आणि इतर. साहेबांना नागपूरची गाडी पकडायची होती. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी उठायचे ठरले होते.

पाचवा विषय रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी मांडला. स्टेशनवर भोंगा बसणार होता. त्याचा आवाज दोनतीन कोसांपर्यंत जाईल, पुढच्या गावांना कोतवालाच्या डफड्यानेच इशारा द्यावा लागेल. पण डफडे तर रोजच वाजते. बाजाराची दवंडी, साऱ्याची दवंडी, देवीची, हरवलेल्या बैलाची. रोज वाजणारी वस्तू धोक्याच्या दिवशी वाजली तर कोण उठेल? उलट एखाद्या गावात भलत्याच कारणाने वाजली आणि स्टेशनवर पळापळ झाली, तर दारूगोळ्याची गाडी उभी असताना काय होईल? तेव्हा आसपासच्या अठरा गावांतली डफडी बांधून लाखेने सील करावीत, भोंगा किंवा शेजारगावचे डफडे ऐकू आले तरच शिक्का तोडावा, आणि इतर दवंडी तोंडाने द्यावी.

साहेबांना हे फार पटले. "एक आवाज, एक अर्थ," ते म्हणाले.

वाक्य चांगले होते. मी ते जसेच्या तसे लिहून घेतले. आणि लिहिता लिहिता समासात पेन्सिलीने एक शब्द लिहिला: तलाव?

तो शब्द त्या खोलीत दोनच माणसांना सुचू शकत होता, गावाचे मालक असलेल्या मालगुजारांना आणि मला. हेडमास्तर होण्याआधी मी कामठ्याच्या वाटेवरच्या एका गावात सहा वर्षे एकशिक्षकी शाळा चालवली होती. त्या गावाचे सगळे धान एका तलावावर. तलावाच्या मातीच्या बांधाला आम्ही पाळ म्हणतो, गावचे लोक पार म्हणतात. पावसाळ्यात पाळीला भोक पडले, मग ते खेकड्याचे असो की उंदराचे, तर कोतवाल डफडे घेऊन निघतो. दवंडीचे वाजवणे वेगळे, दोन ठोके आणि थांबणे. आगीचे वेगळे. पाळीचे वाजवणे न थांबता, आणि ते चालत चालत. कोतवाल वाजवत पाळीवर जातो आणि जिथे पाणी झिरपते तिथेच उभा राहून वाजवत राहतो. शेतात विखुरलेल्या माणसांना काय झाले हे विचारावे लागत नाही, कुठे हेही विचारावे लागत नाही. आवाजाच्या दिशेने पळायचे. घरटी एक माणूस आणि एक टोपली. कोणी तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, आणतो, कोणी खुंट, कोणी नुसते हात. सहा वर्षांत मी स्वतः चार वेळा त्या आवाजामागे टोपली घेऊन पळालो होतो.

हे सगळे सांगायला तीन मिनिटे लागली असती. घड्याळात चारला दहा कमी होती आणि दोन विषय बाकी होते. तांदळाचे व्यापारी माझ्या कानाजवळ म्हणाले, "मास्टरजी, जल्दी कीजिए, साहब की गाड़ी का टाइम हो रहा है." मी रीतीप्रमाणे विचारले, "या विषयावर कोणाला काही सांगायचे आहे?" विचारताना मी घड्याळाकडे पाहत होतो. मालगुजारांनी घसा साफ केला. मग त्यांनी पाण्याचा पेला उचलला. मी लिहिले: ठराव एकमताने मंजूर.

सभा चार वाजून सात मिनिटांनी संपली. साहेबांनी जाताना माझी पाठ थोपटली.

जूनमध्ये मी सायकलवर अठराही गावे फिरलो. पिशवीत सुतळी, मेणबत्ती, पितळी ठसा आणि लाखेच्या कांड्या. लाख आपल्याकडचीच, पळसावरची. प्रत्येक गावात मी डफडे आडवे-उभे बांधायचो, गाठीवर लाख टाकायचो, ठसा मारायचो, कागदावर सही करायचो आणि यादीत खूण करायचो. माझ्या जुन्या शाळेच्या गावी पोचलो तो अकरावा क्रमांक होता.

कोतवाल माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठा. उंच, किडकिडीत, कानावर विडी. मी त्या गावात नवा आलो तेव्हा शाळेच्या छपरावरची कवेलू, म्हणजे कौले, त्यानेच फेरून दिली होती. त्याने डफडे खुंटीवरून काढून माझ्या पुढ्यात ठेवले आणि उकिडवा बसून पाहू लागला.

"याले कायले बांधून राहिले जी?"

"सरकारचा हुकूम आहे. जपानचे विमान आले तरच वाजवायचे."

"जपानले आमचं गाव सापडन का जी? इथं तहसिलीचा सिपाही दोनदा चुकते."

दारातून त्याची बायको म्हणाली, "बरं झालं बांधला त. रोज सकारी कानाजवर बडवते."

आम्ही तिघेही हसलो. मी लाख वितळवली. ती सुतळीवर टपकत असताना त्याने विचारले, आता हसू नव्हते, "अना पारीचं कसं कराचं जी? पार फुटाले आली त मानसं कशी बोलवाची?"

म्हणजे साहेबांच्या पुढे मी जे बोललो नव्हतो, ते त्याने अर्ध्या मिनिटात बोलून टाकले.

मी म्हणालो, "ते मी साहेबांना विचारून सांगतो. तोवर शिक्का तोडू नको."

"सांगा जी. मी वाट पायतो."

मी ठसा दाबला. लाख थंड झाली. त्याने डफडे पुन्हा खुंटीवर अडकवले, शिक्का बाहेरच्या बाजूला दिसेल असे, पाहुण्यांना दाखवायच्या वस्तूसारखे.

घरी येऊन मी यादीत लिहिले: साहेबांना तलावाविषयी विचारणे. जून संपला तेव्हा त्या ओळीवर रेघ नव्हती. मी ती जुलैच्या कागदावर उतरवली. जुलैच्या सभेत तो विषय 'इतर' मध्ये, सर्वांत शेवटी ठेवला. त्या दिवशी साहेब बाजारातल्या दिव्यांवरून चिडलेले होते, झाकणे कोणी लावली नव्हती. पाऊण तास त्यातच गेला. 'इतर' वर आलो तेव्हा ते टोपी उचलत होते. मंजूर झालेल्या ठरावात चिटणीसाने स्वतःच खोट काढणे त्या घडीला मला बरे दिसेना. ऑगस्टच्या सभेत काढू, असे ठरवले.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस झड लागली. रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे, दिवस होते. गावातली सगळी माणसे, बायका, दूरदूरच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, वाकलेली. पुढचे जे घडले ते मी पाहिले नाही. कोतवालाच्या बायकोने सांगितले तसे लिहितो.

दुपारच्या सुमारास तो पाळीखालून घरी येत होता. पाळीच्या पायथ्याशी पावसाळ्यात थोडे पाणी झिरपतेच. ते निवळ असले तर भीती नसते. त्याला ते गढूळ दिसले. गढूळ म्हणजे आतली माती वाहत आहे. तो पळत घरी आला आणि खुंटीपुढे उभा राहिला.

"मी म्हनली, तोडा ना," ती मला म्हणाली. "त म्हने, मास्तर विचारून सांगतो म्हनले. सांगतल्याबिगर कसा तोडाव? त्याईची सही हाये, त्याईनं काही तरी पायलंच असन."

तो डफड्याशिवाय निघाला. एका बांध्याकडे तो, दुसऱ्या बांध्याकडे ती. पावसात ओरडणे पन्नास पावलांवर विरत होते. जी माणसे ऐकत ती विचारत, कुठे? आणि पाळ अर्ध्या कोसाची. काही जण वरच्या टोकाला पळाले, काही सांडव्याकडे. शेवटी तो स्वतः भोकाशी जाऊन उभा राहिला आणि हात वर करून दाखवू लागला, कारण वाजवायला हातात काही नव्हते. सातआठ माणसे टोपल्या घेऊन त्याच्याकडे येत असताना पाळ त्याच्या पायाखालून गेली.

तो दुसऱ्या दिवशी सापडला, खालच्या बांध्यांत, नुकत्याच रोवलेल्या धानात. त्या बांध्यांवर गुडघाभर रेती बसली होती. दुसरे कोणी गेले नाही. पण त्या वर्षी त्या गावात धान झाले नाही.

मला पाचव्या दिवशी कळले, ते असे की फौजदारांच्या शिपायाने एक डफडे शाळेत आणून दिले. मृत्यूच्या चौकशीत ते जप्त झाले होते. शिक्का तुटला की नाही एवढेच पाहायचे होते. तुटला नव्हता. सोबत कागद होता, त्याखाली मी पोच लिहून द्यायची होती. त्याच आठवड्यात तिमाही अहवाल वर जायचा होता. त्यात एक रकाना होता: सील केलेली डफडी, आणि त्यापुढे: शिक्क्यांची स्थिती. मी लिहिले: अठरापैकी अठरा शाबूत. वरून उत्तर आले की आमच्या कमिटीचे काम समाधानकारक आहे.

मग मी त्या गावी गेलो. सायकल गावाबाहेर ठेवून चालत गेलो. कोतवालाची बायको अंगणात धानाचे कुजलेले परहे, म्हणजे रोपे, वेगळे करत बसली होती. तिने मला बसायला खाट टाकली. मग मी म्हणालो, "मी साहेबांना विचारायला हवे होते."

"तुमी विसरले असान जी," ती म्हणाली. "मानूस विसरते. लय कामं राहतेत तुमाले."

माझ्याजवळ त्या क्षणी एकच खरे वाक्य होते. मी विसरलो नव्हतो. सभेच्या कागदावर पेन्सिलीचा शब्द होता. यादीत ओळ होती. रोज सकाळी चहाच्या आधी मी ती वाचत होतो. पण तिने मला एक सोपी जागा करून दिली होती आणि मी तिच्यात जाऊन बसलो. मी मान हलवली. हो म्हटले नाही, पण मान हलवली.

निघताना मी विचारले, काही लागेल का. ती म्हणाली, "मले काई नोको. तो डफडा आनून द्या. त्याच्या बापाचा होये."

"आठ दिवसांत आणून देतो," मी म्हणालो, आणि घरी येऊन यादीत लिहिले.

आठ दिवसांत ते शक्य नव्हते, हे मला लगेच कळले. सील केलेले डफडे परत द्यायचे तर हुकूम रद्द व्हायला हवा, किंवा साहेबांची वेगळी परवानगी हवी. ऑगस्टच्या सभेत मी पहिल्याच विषयाला तलावाची गोष्ट काढली. आता तीन मिनिटे नव्हे, वीस मिनिटे बोललो. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोळ्यांवरून चष्मा काढला आणि विचारले, "मेमध्ये हे का सांगितले नाही?" मी म्हणालो, "वेळ नव्हता." ते म्हणाले, "मी गाडी चुकवली असती." ते खरे बोलत होते की नाही, मला कधी कळणार नाही. पण त्याच महिन्यात सगळीकडे धरपकड सुरू झाली, तारा तुटल्या, आणि त्या दिवसांत कोणताही हुकूम सैल करणे कोणाच्या हातात उरले नाही.

बाहेर पडताना मालगुजार माझ्याबरोबर चालत आले. त्यांच्या गावीही तलाव होता, त्यांच्या कोतवालाचे डफडेही मीच बांधले होते.

"मले वाटलं तुमी बोलान," ते म्हणाले. "तुमी त तिथं टोपल्या वाहिल्या."

"मला वाटले तुम्ही बोलाल. तुमचा तलाव."

"साहेबापुढं खेकड्याच्या बिळाच्या गोष्टी काऊन सांगाव्या म्हटलं. इथं विमानाच्या गोष्टी चालून राहिल्या होत्या."

दोघे आपापल्या घरी गेलो.

त्या पावसाळ्यानंतर मी एक टिपण लिहायला घेतले. मी राजकारणी नाही, लष्करातलाही नाही. देशाचे रक्षण कसे करावे हे मला कोणी विचारलेले नाही. पण रक्षणाचा एक हुकूम कसा तयार होतो, कागदावर येतो, गावात पोचतो आणि तिथे माणसाच्या अंगावर कसा पडतो, हा सगळा रस्ता मी सायकलवर फिरून पाहिला होता. त्या रस्त्यावर परत येणारी वाटच नव्हती. कोतवालाने मला विचारले तेव्हा त्याचा प्रश्न वर न्यायला माझ्याखेरीज कोणी नव्हते, आणि मी एकटा पुरा पडलो नाही. एका माणसाच्या धीटपणावर गावाचे पाणी टांगून ठेवायचे नसते. मी भित्रा होतो हे मी मान्य करतो. पण भित्र्या चिटणीसाच्या हातूनही चांगला हुकूम निघेल अशी रीत हवी, कारण चिटणीस बहुधा माझ्यासारखेच असतात.

टिपणाचा मसुदा अकरा पानांचा झाला. मग मी तो कापत गेलो. शेवटी एक प्रश्न उरला. संरक्षणाच्या प्रत्येक हुकुमाखाली तो छापावा, आणि त्याचे उत्तर लिहिल्याशिवाय अध्यक्षांनी सही करू नये, एवढीच माझी सूचना होती. प्रश्न असा: या हुकुमाने काय बंद पडेल, आणि बंद पडलेल्याचे काम त्यानंतर कोण करील? त्याला एक पुस्ती जोडली होती. हजेरीच्या खाली 'गैरहजर' लिहितो तिथे नेमलेल्या पण न आलेल्या सभासदांची नावे नकोत. हुकूम ज्यांना पाळायचा आहे आणि ज्यांना बोलावलेलेच नाही, त्यांची यादी तिथे लिहावी. आमच्या त्या शनिवारी मी तशी यादी केली असती तर 'अठरा कोतवाल' एवढे दोन शब्द तरी कागदावर आले असते. आपण सगळे आभाळाकडे पाहत बसलो होतो. पायाखाली पाहणारा माणूस त्या खोलीत नव्हता.

टिपण चार वेळा पाठवले. पहिल्यांदा पोच आली. दुसऱ्यांदा 'विचाराधीन' असा शेरा आला. पहिले साहेब बदलून गेले होते, नवे तरुण होते. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "मास्तर, बर्माच्या सरहद्दीवर लढाई चालली आहे आणि तुम्ही डफडे घेऊन बसलात." खरेच बसलो होतो, ते माझ्या कपाटामागे खुंटीवरच होते. चौथ्यांदा काहीच आले नाही. भोंगा त्या तीन वर्षांत तालमीखेरीज एकदाही वाजला नाही. जपानचे विमान आले नाही. लढाई संपली, कमिटी आपोआप मिटली, पण हुकूम रद्द झाल्याचा कागद कोणी काढला नाही. गावांनी तो हळूहळू मोडला. सुतळ्या कुजल्या, शिक्के गळून पडले, डफडी पुन्हा वाजू लागली. फक्त माझ्या खुंटीवरचे तसेच राहिले, कारण ते चौकशीतले होते आणि त्याला नंबर होता.

दर महिन्याला ती ओळ मी नव्या कागदावर उतरवत होतो: डफडे परत देणे. पत्नी एकदा म्हणाली, "अहो, तेवढी एकच ओळ तुमची दर महिन्याला नवी असते. बाकीच्या जुन्या होतात." मी ती ओळ उतरवत राहिलो.

या वर्षी पंधरा ऑगस्ट झाला. शाळेत झेंडा लावला, मुलांना पेढे वाटले. सप्टेंबरमध्ये उत्तरेकडच्या बातम्या वाईट येऊ लागल्या आणि निर्वासितांची पहिली कुटुंबे आमच्या फलाटावर उतरली. पुन्हा वरून सूचना आली, पुन्हा कमिटी. अध्यक्ष नवे होते. बेचाळीसमध्ये ते तुरुंगात गेले होते, गावात त्यांना मान होता आणि मलाही तो मनापासून वाटत होता. चिटणीस मीच. विषयांची यादी करताना त्यांनी सांगितलेला चौथा विषय होता: आवाजावर बंदी. अफवा पसरू नयेत म्हणून डफडी, शंख, घंटा बंद ठेवाव्यात.

या वेळी मी घड्याळ खिशात ठेवले. तलावाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, पेन्सिलीच्या शब्दासकट. अध्यक्षांनी विषयांचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी बंदीत स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: पाळ, आग आणि वाघ यांसाठी वाजवण्यास हरकत नाही. ती ओळ वाचून माझे डोळे भरून आले. मी तो विषय संपवून लगेच टिपणातला प्रश्न पुढे ठेवला, प्रत्येक हुकुमाखाली छापण्याचा.

त्यांनी तो वाचला आणि मायेने म्हणाले, "मास्तर, तो परक्यांचा कारभार होता. त्यांना लोकांना विचारायचे नव्हते. आता आपलेच सरकार आहे. आपणच लोक आहोत, कोणाला विचारायचे?"

मी हजेरीकडे पाहिले. सात नावे होती. त्यात या वेळीही कोतवाल नव्हता, पाणी सोडणारा नव्हता, तलावात मासे धरणारा ढिवर नव्हता, रोवणीला जाणारी एकही बाई नव्हती. मी तसे म्हणालो. ते म्हणाले, "सूचना चांगली आहे, वर पाठवतो." त्यांनी पाठवलीही असेल. मी पाचवी प्रत त्यांच्या हातात दिली. गैरहजरांची यादी मात्र त्या सभेच्या कागदावर मी माझ्या जबाबदारीवर लिहिली, पेन्सिलीने नाही, शाईने. ती कोणी खोडलेली नाही. कोणी वाचलेलीही नाही.

त्याच दिवशी डफडे परत देण्याच्या कागदावर त्यांनी सही केली. पाच वर्षे अडलेली परवानगी अर्ध्या मिनिटात मिळाली. तो कागद माझ्या टेबलावर आज सहा आठवडे आहे.

गाव दूर नाही, सायकलने सव्वा तास. शाळेला दिवाळीची सुटी होती तेव्हा दहा दिवस मोकळे होते. रस्ता कोरडा आहे. डफडे उचलून पाहिले, कातडे सैल पडले आहे. तणसाचा जाळ करून शेकले तर पुन्हा ताणेल, हे त्यानेच मला एकदा दाखवले होते. अडचण कशाचीच नाही. अडचण एवढीच की डफडे हातात देताना मला तिला सांगावे लागेल की मी विसरलो नव्हतो. पाच वर्षे ती मला विसरलेला माणूस समजून माफ करत आली असेल. ती माफी माझी नाही, आणि ती परत केल्यावर माझ्याजवळ काय राहील ते मला माहीत नाही. दुसरी गोष्ट शिक्क्याची. लाख अजून अखंड आहे, ठशावरची अक्षरे वाचता येतात. ती तशीच तिच्यापुढे ठेवायची नाही. जाण्याआधी तो शिक्का मीच तोडला पाहिजे, माझ्याच हाताचा आहे.

आजची यादी केली आहे. नऊ कामे होती, आठांवर रेघ मारली. पाचवे तसेच आहे: डफड्याचा शिक्का तोडणे, कामठ्याच्या वाटेवरच्या गावी जाणे, तिला सांगणे.